सोबत्याचं अर्धं तिकीट

तोताराम आबांनी भडगावपासून पहूरपर्यंत आणि इकडे चाळीसगाव-धुळ्यापर्यंत आजवर एकशे एकोणीस लग्नं जमवली. हा आकडा त्यांचा. त्यांची बायको बेबाबाई त्यातून मोडलेली सात वजा करते, पण तिचं ऐकतो कोण! या कामाचा आबा छदाम घेत नाहीत. टॉवेल-टोपी घेतात, पोटभर जेवतात आणि वरणात मीठ कमी होतं असं परतीच्या वाटेवर सांगतात.

स्थळ सांगायची त्यांची एक रीत आहे. कमी सांगायचं नाही. टक्कल पडलेला मुलगा त्यांच्या तोंडी 'मोठ्या कपाळाचा' होतो आणि दहावीला तीनदा बसलेला 'अभ्यासाची भारी आवड असलेला'. खोटं नाही हो, खरंच असतं, फक्त इस्त्री केलेलं.

बरं, सोयरिकीला एकट्यानं जाऊन चालत नाही. दोघं लागतात. एक बोलणारा आणि एक मान हलवणारा. मान हलवायला आबांकडे नथ्थू होता. नथ्थू त्यांच्याच गल्लीतला, लहानपणापासूनचा सोबती, बायको वारल्यापासून एकटा. त्याला एकच खोड होती, चक्करची. गेली अकरा वर्षं त्याला पायरी दिसली की चक्कर यायची. एस्टीत तो आधी चढायचा, दारात उभा राहायचा आणि मागे हात करून ओरडायचा, "तोताराम, हात दे रे भो! डोकं गरगर करी राह्यनं!" आबा त्याचा हात पकडायचे, त्याला सावरायचे आणि सावरता सावरता स्वतःही वर यायचे. जिन्यावर तर नथ्थू त्यांच्या काखेतच हात घालायचा. "मी नसतो तर या माणसानं उंबरा ओलांडला नसता," असं आबा चारचौघांत सांगत. नथ्थू मान हलवायचा.

आता आबांचा उजवा पाय. तो आबा दीड वर्षाचे असताना पोलिओनं गेलेला. आबा काठी बाळगतात, पण ती कुत्र्यांसाठी. त्यांच्या अपंगत्वाच्या कार्डावर अडुसष्ट टक्के होते. त्यावर आबांना एस्टीत सवलत होतीच, शिवाय पासष्टच्या वर टक्के असले की सोबत्यालाही अर्धं तिकीट. त्या अर्ध्या तिकिटावर नथ्थूनं अख्खा खानदेश पाहिला.

यंदा कार्डांची फेरतपासणी निघाली. आबांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, मिशीला तेल लावलं. जणू मुलगी बघायला निघाले! तपासणी सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. नथ्थूला जिन्यातच चक्कर आली, आबांनी त्याला धरून, धीर देत वर आणलं. वर डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या.

"काका, चालायला त्रास होतो का?"

"छे हो! देवाच्या दयेनं काही नाही."

"जिना चढता येतो?"

"बघितलं ना आत्ता? ह्याला घेऊन चढलो."

बाईंनी लिहून घेतलं. त्यांचं काय चुकलं, सांगा! स्थळ इतकं चांगलं निघाल्यावर कोण नाही म्हणेल? आबा घरी येऊन म्हणाले, "बाई खूश झाल्या."

महिन्याभरानं नवीन कार्ड आलं. पंचेचाळीस टक्के. आबांनी ते पारावर दाखवलं. "आता निम्म्याहून जास्त चांगला माणूस आहे मी!" लोकांनी अभिनंदनसुद्धा केलं. एकानं चहा पाजला.

सून मोहिनीनं कार्डाबरोबरचा कागद वाचला आणि तिला काही चहा गोड लागला नाही. "आबा, तुमची सवलत राहिली, पण सोबत्याची गेली. नथ्थूकाकांना आता पूर्ण तिकीट. अपील करा, मुदत आहे अजून."

आबांचा चेहरा पडला. नथ्थूला आधार कार्डावर पासष्ट व्हायला अजून चार वर्षं होती, म्हणजे म्हातारपणाचंही अर्धं तिकीट नाही. पूर्ण तिकीट त्याला परवडायचं नाही आणि दुसऱ्याच्या पैशानं तो शेजारच्या गावालासुद्धा जायचा नाही. एकदा आबांनी गुपचूप त्याच्या चहाचे पैसे दिले, तर हा पठ्ठ्या आठ दिवस बोलला नव्हता.

"अपिलात काय बोलावं लागतं?" आबांनी विचारलं.

"जे जमत नाही ते सांगायचं."

"कोणापुढे?"

"मोठ्या डॉक्टरांपुढे. तीन-चार जण असतात."

तीन-चार परक्या माणसांपुढे मिशीला तेल लावून बसायचं आणि 'माझ्यानं होत नाही' म्हणायचं! आबांनी कागद कपाटात टाकला. म्हणाले, "काही नको. नथ्थूनं मला सोबत दिली की मी नथ्थूला? त्याच्यावाचून माझं काय अडलंय?"

बेबाबाई भाकरी थापता थापता थांबली. काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. हे आपलं मोठं नवल, कारण ती सहसा थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी पहूरला एक स्थळ बघायचं होतं. आबा एकटेच निघाले. स्टँडवर गाडी लागली. आबांनी दांडा पकडला, चांगला पाय पायरीवर ठेवला आणि जोर केला. उजवा पाय जमिनीवरच राहिला. पुन्हा जोर केला. मागून एक बाई म्हणाली, "चला ना बाबा." आबा बाजूला झाले. "या, या, तुम्ही या आधी. मला घाई नाही."

दुसऱ्या गाडीलाही त्यांना घाई नव्हती. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर चांगला माणूस होता. तो म्हणाला, "बाबा, सोबत कोणी नाही का?"

"पायऱ्या उंच केल्या का रे यंदा?" आबांनी विचारलं.

"नाही बाबा. त्याच आहेत."

गाडी गेली. आबा बाकावर बसून राहिले. आत दारात कोणी हात करून ओरडत नव्हतं, एवढाच काय तो फरक होता. तो त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांना असं काही मेल्याहून मेल्यासारखं झालं की सांगता सोय नाही.

ते तसेच नथ्थूच्या घरी गेले. अंगणात कोणी नाही. वर बघतात तर हा गडी पत्र्याच्या छपरावर उकिडवा बसून पत्र्यांवर दगड ठेवतोय! शिडीसुद्धा नाही. भिंतीवरून चढलेला.

"नथ्थू, तू वर काय करी राह्यना?"

नथ्थू दचकला. मग लगेच कपाळाला हात लावून बोलला, "माले चक्कर..."

"उतर खाले!"

उतरला. मांजरासारखा उतरला, कशालाही न धरता. दोघं ओट्यावर बसले.

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

नथ्थूनं खूप वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "धुळाना स्टँडवर तू पडना व्हता ना, तधळपासून. तू चार महिना घरबाहेर निंघना नही. मी म्हन्तं, चाल, मी धरस तुले. तू माले शिव्या दिध्या. मंग काय करू? तू कोनाना हात धरता का?"

"नही."

"मंग! म्हनीसन माले चक्कर उनी."

आबांना रडूही आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ते फक्त खाकरले. नंतर उठले. नथ्थूला दंडाला धरून घरी आणलं आणि मोहिनीला हाक मारली. "बेटा, तो अपिलाचा कागद काढ."

मोहिनीनं वाचलं, "दुसऱ्याच्या मदतीशिवाय कोणती कामं करता येत नाहीत?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "लिही. एस्टीत चढता येत नाही. उतरता येत नाही. जिना चढता येत नाही. खाली बसलो की पुन्हा उठता येत नाही. पावसाळ्यात अंगणातून..."

"आबा, जागा संपली."

"मागच्या बाजूनं लिही. पुष्कळ आहे."

बेबाबाई चुलीपुढून उठून दारात आली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. वर म्हणतेय काय, तर धुरानं!

मोहिनीनं पुढं विचारलं, "मदत कोण करतं?"

"नथ्थू."

"अरे पन माले चक्कर येस ना," नथ्थू घाईघाईनं म्हणाला. "तशेच लिख बेटा, तोताराम धरस माले. गावले काय सांगशी तू?"

"गप बैस," आबा म्हणाले. त्यांनी पेन घेतलं, जपून सही केली आणि कागद मोहिनीकडे दिला. मग नथ्थूकडे वळले. "नथ्थू, अपीलना दिवशी जिन्यावर तू माले धरजो. डॉक्टरस्ना समोर, बठ्ठास्ना समोर. चांगला घट्ट धरजो. चक्करनं नाव काढानं नही."

नथ्थूनं मान हलवली.