तिजेची घागर

अक्षय तृतीयेच्या नावाचा अर्थ कुंभारकाका साऱ्या गावाहून वेगळा सांगत. आमच्याकडे या दिवसाला नुसते तीज म्हणतात. मेलेल्यांच्या नावाने घरोघरी नवी घागर पाण्याने भरतात. वैशाखाची तिसरी तिथी म्हणून तृतीया आणि त्या दिवशी दिलेले दान सरत नाही म्हणून अक्षय, असे पूजेला येणारे महाराज समजावत. काका घागरी उतरवता उतरवता म्हणत, "दान कवाच सरते, महाराज. सरत नाही ते तहान. मेल्यावरबी सरत नाही, म्हनून घागर भरा लागते."

हा घागरी खपवायचा अर्थ आहे, असा टोला महाराजांनी एकदा मारला. काकांनी तो हसून मान्य केला.

घागर कोणाच्या नावाची, हे विचारल्याशिवाय ते देत नसत. आजीसाठी मी लहान घागर उचलली, तेव्हा त्यांनी ती काढून घेतली. "जलमभर चिखलात वाकून धानाचा रोवणा केला थ्या बाईनं. मोठी ने."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेले. ज्या बोडीतून, गावच्या लहान तळ्यातून, काका माती काढत, तीही गेली. नव्या गावठाणात मुरूम निघाला. तिथे दुसऱ्या वर्षी काकू वारल्या. मेलेल्यांसाठी घागर विकत आणण्याची वेळ त्या घरावर कधी आली नव्हती. काकांनी आसगावकडच्या धानाच्या बांधीतून माती आणली, मळली, चाकावर चढवली. भट्टीतून घागरी निघाल्या त्या सगळ्या तडकलेल्या. पुन्हा माती आणली. पुन्हा तेच झाले. मुलगा म्हणाला, आता राहू द्या. "हे माती मले ओळखत नाही," एवढेच काका बोलले.

तिजेच्या आदल्या दिवशी ते बाजारात दिसले. घागरीवाला त्यांच्याच जातीचा, ओळखीचा. त्याने विचारले, "काकाजी, तुमी काहून घेऊन राहिले जी?"

"बुढी वाट पाहून राहिली."

त्याने आपल्यातल्या चार चांगल्या घागरी निवडून पुढे ठेवल्या. घागर घेणारा कोणीही ती आधी बोटाने वाजवून पाहतो. काकांनी वाजवली नाही. जवळची उचलली आणि पदराखाली काही न्यावे तशी दुपट्ट्यात झाकून नेली.

त्यानंतर त्यांनी चाक मुलाला देऊन टाकले. मुलाने ते विहिरीजवळ टेकवून ठेवले. काका माघात गेले. पुढच्या तिजेला मुलाने बाजारातून दोन घागरी आणल्या.