कॅमेऱ्याला कान नसतात

माझा मामा कॅमेरे लावतो. हौसेचे नव्हेत, चोरांसाठीचे. दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथे कुणाचा कुणावर विश्वास नाही तिथे मामाला बोलावणं येतं. लोक नवे कॅमेरे बसवतात आणि जुने मामाच्या गळ्यात मारतात. तोही गुणी, ते घरी आणतो. पलंगाखाली, माळ्यावर, मामीच्या कपड्यांच्या कपाटात, सगळीकडे कॅमेरे. "एक दिवस उपयोगी पडतील," हे ऐकून ऐकून मामीचे कान किटले होते.

मामी हौशी नाटकमंडळातली नायिका. ती रडली की मागच्या रांगेतले लोकही रुमाल काढायचे, असं सगळे सांगतात. सगळे, म्हणजे मामा सोडून. त्याने तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. दुकानं संध्याकाळी बंद झाल्यावरच तिथे कॅमेरे लावता येतात, आणि नाटकंही मेली संध्याकाळीच असतात. "पुढचं नक्की," असं तो दरवेळी म्हणायचा.

मग मामीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. मंडळाने मोठ्या मनाने तिला विंगेत बसून संवाद पुरवायचं काम देऊ केलं, कारण तिथे कुजबुजायचंच तर असतं! मामी घरी आली, मेकअपची पेटी माळ्यावर कॅमेऱ्यांशेजारी टाकली आणि त्यानंतर खुणांनीही बोलेनाशी झाली. मला त्या मंडळाचा इतका राग आला होता की अजून गेलेला नाही.

एका रविवारी जेवताना मामा म्हणाला, "आपण सिनेमा काढू."

"कशाने?" मी विचारलं.

त्याने पलंगाखाली बोट दाखवलं. मग मामीकडे न बघता म्हणाला, "या कॅमेऱ्यांना कान नसतात. आवाज येतच नाही त्यांत. तू काय आणि तो खालचा सलूनवाला काय, सगळे सारखेच मुके."

मामीचा घास हातातच राहिला. थोड्या वेळाने तिने मला माळ्याकडे खूण केली. पेटी काढ.

गोष्ट मामीनेच रचली. नवरा सकाळी कामावर जातो तो परत येत नाही. डॉक्टर येऊन बातमी सांगतो. बायको एकटी बसून राहते. शेवटी नवरा भूत होऊन भेटायला येतो. नवरा झाला सलूनवाला. डॉक्टर मी, कारण चष्मा मला होता.

मामाने चार कॅमेरे निवडून खोलीत आणि स्वयंपाकघरात छताच्या कोपऱ्यांत ठोकले.

"अहो, खाली घ्या ना," मामी कुजबुजली.

"खाली लावला तर चोराचा हात पोचतो."

"इथे कुठला चोर आलाय?"

"सगळे असंच म्हणतात," मामा म्हणाला. जन्माची सवय, जाते कुठे! वरून सलूनवाल्याचं टक्कल तेवढं लख्ख दिसायचं. "गावाचे केस मी सांभाळतो आणि माझंच हे दाखवता?" तो कुरकुरला आणि पूर्ण सिनेमाभर टोपी घालून वावरला, अगदी अंथरुणातसुद्धा. मामाचं दिग्दर्शनही तसलंच. "आता संशयित दारातून आत येतो!" तो ओरडायचा. मी बॅग घेऊन शिरले तर म्हणाला, "अगं, बॅगेकडे संशयाने बघ!" डॉक्टर स्वतःच्या बॅगेकडे संशयाने का बघेल, हे विचारायची सोय नव्हती.

मग मामीचा मोठा प्रसंग आला. ती पलंगावर बसली, समोर बघत. काही केलं नाही. डोळ्यांतून पाणीही काढलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, माझ्या अंगावर काटा आला. मामा बाहेर जिन्यात वायर धरून उभा होता.

संध्याकाळी कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर लावून पाहिला. मामी बसते आणि लगेच उठते. मधलं सगळं गायब!

मामाने कपाळावर हात मारला. रेकॉर्डर एका गोदामातून आलेला. समोर काही हललं तरच चालू व्हायचं, एरवी झोपायचं, असं त्याला शिकवलेलं. मामी इतकी निश्चल बसली होती की रेकॉर्डरच्या मते खोलीत कुणी नव्हतंच. ते बदलायला पासवर्ड हवा, आणि गोदामवाला तो कधीच विसरला होता. सगळं पुसून नव्याने सुरू करावं तर आधीचं शूटिंगही जाणार.

"वहिनी, नुसता पाय हलवत बसा," सलूनवाला म्हणाला.

मामीने मान हलवली. नाही. मग मामाजवळ जाऊन म्हणाली, "मंडळाने आवाजावरून काढलं. आता तुमचं खोकं मी हलत नाही म्हणून काढणार?"

मामाने अंगातला शर्ट काढला, तिच्यामागच्या खुंटीला टांगला, त्याच्या बाहीला काळा दोरा बांधला आणि दोरा घेऊन बनियनवर पलंगाखाली शिरला. त्याच्या पोटाच्या मानाने पलंग फारच बुटका. निम्मा शिरल्यावर अडकला, तेव्हा मी आणि सलूनवाल्याने त्याला ढकलून आत घातलं. "कर सुरू!" खालून दबका आवाज आला. मामी बसली. मागे शर्टाची बाही हळूहळू हलत राहिली.

सिनेमा सलूनमध्ये, तिथल्याच टीव्हीवर लागला. आख्खी बिल्डिंग आली होती. पडद्यावर चार चौकटी, चार कॅमेऱ्यांच्या. एकीत नवरा गेल्याची बातमी येत होती आणि दुसरीत तोच नवरा स्वयंपाकघरात केळं खात होता. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते.

मग मामी पलंगावर बसली. मागे तो रिकामा शर्ट, जणू वाऱ्याने हलणारा. सलूनमध्ये चिडीचूप झालं. सलूनवाल्याने टोपी काढून डोळे पुसले. "काय शर्ट सुचलाय!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

मामा पुढच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून बसला होता.

"अगं," तो म्हणाला, "मी तर तेव्हा पलंगाखाली होतो. मी हे पाहिलंच नव्हतं."

मामी त्याच्या कानाशी वाकली. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"हेच ते पुढचं," ती म्हणाली.

मामाने रिमोट उचलला आणि तेवढा तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. सलूनवाल्याचं भूत यायचं अजून बाकी होतं, पण तोसुद्धा गप्प बसला.