मुलुंडच्या बेडरूममधली मालगाडी

छंद कुठलाही असो, माणूस वस्तू जमवायला जातो आणि सोबत किस्से जमत जातात. वस्तूंना कपाट लागतं, किस्स्यांना लागत नाही, म्हणून माझी बायको किस्स्यांबद्दल काही बोलत नाही. वस्तूंबद्दल रोज बोलते.

आमचा चौघांचा ग्रुप आहे छोट्या रेल्वेचा. हातात मावतील अशी इंजिनं, डबे, सिग्नल, बोगदे. याला खेळणी म्हणायचं नाही. हे सगळं आम्ही ऑनलाइन लिलावात घेतो आणि विकतो. ग्रुपचा नियम एकच: आपल्या माणसाविरुद्ध बोली लावायची नाही. ज्याला वस्तू हवी, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर "मी बघतोय" असं लिहायचं. बाकीच्यांनी गप बसायचं.

*

सुरुवात माझ्यापासून करतो, म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा नको.

मी अंधेरीला एमआयडीसीत, लेबलं छापणाऱ्या कंपनीत आहे. लिलावाचा खरा खेळ शेवटच्या दहा सेकंदांत असतो आणि ते दहा सेकंद नेमके ऑफिसच्या मीटिंगमध्ये येतात. त्या दिवशी एका दगडी बोगद्यासाठी मी टेबलाखाली मोबाइल धरून बसलो होतो. तीन सेकंद उरले असताना बोली टाकली. बोगदा माझा! माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.

समोर साहेब म्हणत होते, "भिवंडीच्या गोडाऊनची जबाबदारी कोण घेणार?"

साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "सुधीर, तू तर दोन्ही हात वर केलेस!"

आज दोन वर्षं झाली, दर मंगळवारी भिवंडीला जातो. बोगदा चांगला आहे.

*

नितीन बोरिवलीला डेंटिस्ट आहे. पेशंटच्या दाढा ज्या बारीक हत्यारांनी साफ करतो, तसल्याच हत्यारांनी इंजिनाची चाकं साफ करतो. दोन सेट वेगळे आहेत, असं तो न विचारता सांगतो.

त्याने एकदा जर्मनीहून 'प्रवासी, रंग न दिलेले, शंभर नग' असा लॉट घेतला. पार्सल क्लिनिकमध्ये आलं. त्याची बायको मानसी रिसेप्शन सांभाळते, तिने सगळ्यांसमोर उघडलं. प्रवासी नखाएवढे होते आणि त्यांना नुसता रंगच नव्हे, कपडेही नव्हते. ते समुद्रकिनाऱ्यावरचे प्रवासी होते.

मानसीने पार्सल बंद केलं. नेलपॉलिशच्या चार बाटल्या आणि टूथपिक घेऊन बसली. रविवारपर्यंत बायका नऊवारीत, पुरुष सदऱ्यात. नितीनने त्यातल्या वीस जणी लिलावात लावल्या. कोणी घेतल्या? ज्या जर्मन माणसाने विकल्या होत्या, त्यानेच! शेरा लिहिला: "आता बऱ्या दिसतात."

*

आमच्यात बोली लावायला सगळ्यांत हुशार म्हणजे हेमाताई. वेसावे कोळीवाड्यातली, चाळीस वर्षं मासळीच्या धंद्यात. तिला या नादाला कोणी लावलं नाही. ऑनलाइन लिलावात जुना फ्रीजर शोधत होती, त्याखाली रेल्वेचं छोटं फाटक दिसलं. "आवडलं. मग काय करू?" असं ती सांगते. फ्रीजर अजून घेतलेला नाही.

मी एकदा एका डब्यासाठी सारखा शंभर-शंभर वाढवत होतो. तिचा फोन आला.

"सुधीर, बंदरावर असा ओरडलास ना, तर सगळ्यांना कळेल तुला पापलेट पायजेच. गप बस. बोली लावताना मासळीकडं बघायचं नाय, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायचं."

"अगं, इथे गिऱ्हाईक दिसतं कुठे?"

"दिसतं की. तो दर वेळी दोन मिनिटं थांबून वाढवतोय. बायकोला विचारून येतोय रे. एकदम मोठा आकडा टाक, तिकडून 'नाय' येईल."

टाकला. तिकडून 'नाही' आलं, डबा माझा.

*

चौथे परडकर काका. आमच्यातले सगळ्यांत मोठे, कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, राहणार मुलुंड. काकांच्या गावात रेल्वे अजून पोचलेली नाही, म्हणून त्यांनी ती मुलुंडच्या बेडरूममध्ये नेली. भिंतीभोवती फळ्या, फळ्यांवर घाट, घाटाखाली काकूंची उशी.

रूळ दरवाजासमोरून जातात. तिथे कमरेइतक्या उंचीवर उचलता येणारा फळीचा पूल आहे. दर रविवारी साडेदहाला गाड्या सुटतात. त्या आधी काका पूल खाली टाकतात आणि मग आत-बाहेर बंद. गाडी गेल्याशिवाय पूल उचलायचा नाही, हा तिथला कायदा. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर उभ्या राहतात. एकदा व्याही आले होते, त्यांनाही एक पॅसेंजर आणि एक मालगाडी जाईपर्यंत पॅसेजमध्ये थांबवलं. व्याही पुन्हा रविवारी आले नाहीत.

*

काका विकायचे कमी, पण विकायचे तेव्हा मजा. जाहिरातीत लिहायचे, "इंजिन चालतं. वळणावर कुरकुरतं. एक चाक मी बसवलंय, ते कंपनीच्या चाकापेक्षा चांगलं आहे." कोणी विचारलं, "वर्किंग कंडिशन?" तर उत्तर, "सकाळी."

शिवाय लिलाव जिंकला म्हणजे वस्तू मिळाली असं नाही. काका फोन करून मुलाखत घ्यायचे. "घरात मांजर आहे का? रूळ कोणत्या फळीवर टाकलेत? पंख्याखाली ठेवणार का?" इंदूरच्या एका गृहस्थांकडे रेल्वेसाठी वेगळी खोली होती, पण मांजरही होतं. काकांनी सौदा मोडला. त्या गृहस्थांनी शेरा लिहिला, "विक्रेता प्रामाणिक आहे. मला इंजिन दिलं नाही. पाच स्टार."

*

मग काकांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. या छंदात डब्याची आठही चाकं रुळावर बसवावी लागतात, आणि काकांचा एक डबा बसवायला अर्धा तास जाऊ लागला. आम्ही हात पुढे केला की ओरडायचे.

एका सकाळी ग्रुपवर मेसेज आला.

"सगळा लिलावात लावतंय. तुमच्यापैकी कोणी बोली लावूची नाय. माका दया नको, गिऱ्हाईक व्हया."

मला फार वाईट वाटलं. ती गाडी अकरा गावांना वाटली जाणार आणि काका रविवारी साडेदहाला रिकाम्या फळ्यांकडे बघत बसणार, हे काही सहन होईना. हेमाताईने काकांना वगळून दुसरा ग्रुप केला आणि लिहिलं, "एक डबा बाहेर जाता कामा नये. स्वतःच्या नावाने कोणी घ्यायचं नाय."

मग नावं गोळा केली. नितीनची सांताक्रूझची मेहुणी. माझा भिवंडीचा गोडाऊन कीपर. हेमाताईला बर्फ पुरवणारा राजू.

पहिल्याच दिवशी वाट लागली. एक सिग्नल होता, तुटका. तो मी घ्यायचा की नितीनने, हे ठरवायचं राहून गेलं. मेहुणी आणि गोडाऊन कीपर शेवटच्या सेकंदापर्यंत भिडले. तुटका सिग्नल नव्या मोबाइलच्या भावाला गेला! काकांनी ग्रुपवर लिहिलं, "जग येडा झाला." आम्ही तिघांनी वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं.

*

खरी भीती इंजिनाची होती. काकांचं उरलेलं एकमेव इंजिन राजूच्या नावावर जिंकलं, आणि आता काका मुलाखत घेणार. हेमाताईने राजूला पढवलं. "मांजर नाय, पंखा नाय, फळी सागाची. बाकी बोलायचं नाय."

फोन आला तेव्हा राजू लादी फोडत होता.

"तुमचा व्यवसाय काय?" काकांनी विचारलं.

"बर्फ."

"इंजिनाचं काय करणार?"

राजू सगळं विसरला. म्हणाला, "थंड ठेवीन."

काकांनी मांजराचं विचारलं नाही, पंख्याचंही नाही. मग काका म्हणाले, "बरं. पाठवतो."

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. "काका थकले रे," नितीन म्हणाला.

*

सगळी पार्सलं हेमाताईच्या घरी जमा केली. डब्यांना अजून सुक्या बोंबलाचा वास येतो. रविवारी सगळं घेऊन काकांकडे जायचं, पाया पडायचं, शिव्या खायच्या, असं ठरलं. बोलायचं कोणी यावर एकमत झालं नाही.

रिक्षातून उतरून, खोके सावरत वर जाईपर्यंत दहा पस्तीस झाले. काकूंनी दार उघडलं. आमच्या हातातल्या खोक्यांकडे बघितलं आणि चहाचा ट्रे घेऊन आमच्या पुढे पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

बेडरूमच्या दारात पूल खाली टाकलेला होता. आत रूळ होते, लखलखीत पुसलेले. तेव्हा लक्षात आलं, काकांनी रूळ, घाट आणि बोगदा विकायला लावलेच नव्हते. रुळांवर एकही डबा नव्हता. सगळी रेल्वे आमच्या हातात होती. काका खुर्चीवर बसले होते, थरथरता हात गुडघ्यावर.

"पाच मिनिटं उशीर," काका म्हणाले. "पूल पडलोहा. थांबा."

नितीन काही बोलायला गेला. काकूंनी त्याला मानेनेच थांबवलं.

"मालगाडी आसा," त्या हळूच म्हणाल्या. "येळ लागतलो."

आम्ही थांबलो. काकांची नजर रिकाम्या रुळांवरून डावीकडून उजवीकडे सरकत गेली, घाटापाशी जरा जास्त वेळ थांबली, मग बोगद्यापाशी. हेमाताई पदराने डोळे पुसत होती. चहावर साय धरली.

मग काका उठले आणि दोन्ही हातांनी पूल उचलला.

"गेली," म्हणाले. "आता पयला ता बर्फवाल्याचा इंजिन आत घेवा."