पामच्या फुलांवरचे किडे

हुबळीकडं, अळणावर स्टेशनच्या बाजूला आमच्या गावात जंगल कुठं संपतं आणि शेत कुठं सुरू होतं, हे नीट सांगता येत नाही. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला तर झाडांची एक पट्टीच होती. किंजळ, मत्ती, जांभूळ, दोनतीन हिरडे. उताऱ्यावर ती आमची होती, पण तिची वागणूक जंगलाची. सकाळी तिथून धनेशाच्या पंखांचा आवाज यायचा, कुणी दूरवर चादर झटकावी तसा. माझे वडील, अप्पा, तिथला फक्त पालापाचोळा आणायचे. कुऱ्हाड घेऊन त्या बाजूला गेलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत एक सरकारी साहेब मोटरसायकलवरून आले आणि अप्पांना तेलताडाची रोपं देऊन गेले. गावात सगळे त्याला पामच म्हणत. साहेब जाताना म्हणाले होते, "पामसाठी रानातलं झाड तोडायचं नाही. ती पट्टी राहू द्या, जमिनीला ओल राहते." अप्पांनी मान हलवली. पट्टीच्या खालच्या, विहिरीजवळच्या तुकड्यात रोपं लागली. पहिली तीन वर्षं आलेली फुलं काढून टाकायची होती, झाडाला जोर यावा म्हणून. अव्वाला, माझ्या आईला, ते पटायचं नाही. फूल काढताना ती झाडाशी काहीतरी पुटपुटायची.

चौथ्या वर्षी फुलं ठेवली. तोवर मी हुबळीला, विद्यानगरच्या एका कॉलेजात सायन्सला गेले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा पामची नर फुलं उमलली होती. बोटांसारख्या कणसांचा जुडगा, त्यावर फिकट पिवळी धूळ. आणि वास बडीशेपेचा. दुपारी वारा पडला की तो वास शेतावर साचून राहायचा. मी पामच्या लांब झापांच्या सावलीत पुस्तक उघडून बसायचे, पानं उलटायची नाहीत, आणि आपण जागे आहोत की नाही हेही कळायचं नाही. कानाशी एक बारीक गुणगुण चालू असायची. नीट पाहिलं तेव्हा कणसांवर तिळाएवढे तपकिरी किडे दिसले. एकदोन नाहीत, हजारो.

बांधापलीकडच्या काकांनीही ते पाहिले. त्यांच्या नारळांना भुंगा लागून दोन झाडं गेली होती.

"संपलं तुझं पाम," ते अप्पांना म्हणाले. "नारळासारखंच ह्याचं. शेंडा पोखरणार."

"साहेबांना विचारायला पाहिजे," अप्पा म्हणाले.

"साहेब बदलून गेला की. आता घरातच साहेब आहे नव्हं? तिला विचार. कॉलेजात काय नुसती रिबन बांधायला जाते?"

अप्पा माझ्याकडे वळले. शेतीतलं त्यांनी मला तोवर काहीही विचारलं नव्हतं. "काय गे बाळा, काय करायचं?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या आवाजात एक वेगळीच अदब होती आणि ती मला सोडवेना. प्रयोगशाळेत आम्ही झुरळ कापलं होतं. किड्यांविषयी माझं ज्ञान तेवढंच.

"पूड मारू या," मी म्हणाले.

अप्पांनी कीटकनाशकाची पूड आणली, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि काठीनं ती पुरचुंडी प्रत्येक फुलावर झटकली. आठवड्यानं पुन्हा. मग गुणगुण थांबली. मला ती शांतता आवडली, हे खरं सांगायला हवं.

दिवाळीला आले तेव्हा घड धरले होते, पण हलके. नारिंगी फळं तुरळक, मधे सगळं काळं, वाळलेलं. फळं न्यायला येणारा टेम्पोवाला एक घड हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, हे काय, झाडू आहे का?" आणि घड तिथंच ठेवून गेला.

काकांनी कारण लगेच शोधलं. "पट्टीची सावली. माझ्या बाजूला ऊन बघ, तुझ्या बाजूला बघ. ती झाडं पाड. तिथं अजून तीस पाम बसतील."

संध्याकाळी अप्पा पट्टीत एकटेच फिरताना दिसले. एकेका खोडाला हात लावत होते.

मी तसल्या घडाचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून हुबळीला नेला आणि धीर करून वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"फुलांवर बारीक किडे दिसतात का?"

"दिसायचे, मॅडम."

"दिसायचे म्हणजे?"

मी पूड मारल्याचं सांगितलं. त्या सावकाश सांगत गेल्या. ह्या झाडाची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. पराग इकडून तिकडे न्यायचं मुख्य काम त्या किड्यांचं. नर फुलावरच ते जगतात, तिथंच अंडी घालतात. झाडाला त्यांचा काही त्रास नाही. "ते गेले तर फळ धरणार कसं?" त्यांनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर दोन शनिवार मी घरी गेले आणि काही न सांगता परत आले. पॅसेंजरच्या खिडकीतून जंगल सरकत जायचं आणि मला वाटायचं, गाडी अशीच चालत राहावी, अळणावर येऊच नये.

तिसऱ्या शनिवारी अप्पांनी कागद पुढं ठेवला. झाडं आपल्या जमिनीतली असली तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. "अर्ज लिही. कन्नडात लिही, हापिसात तेच चालतं. सावलीमुळं पीक येत नाही, असं लिही."

मी नाव, गाव, सर्व्हे नंबर लिहिला. मग सावली हा शब्द आला आणि हात थांबला. अव्वा चुलीपाशी होती. अप्पा वाट पाहत होते.

"अप्पा, सावलीमुळं नाही. ते किडे फळ धरवत होते. मी पूड मारायला सांगितली, मला माहीत नव्हतं. तीन आठवडे झाले, मला कळलंय."

अप्पांनी अर्धा लिहिलेला कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"पूड तर मीच झटकली," अप्पा म्हणाले. "हात माझा होता."

"पण मी सांगितलं म्हणून."

"मी विचारलं म्हणून तू सांगितलंस." मग थोडं थांबून, "तीन आठवडे काय केलंस गे? एकटीच घेऊन फिरलीस होय?"

अव्वा म्हणाली, "रडू नको. जेव आधी."

कलघटगी गावाकडे एकांची पामची बाग होती, तिथं किडे शाबूत होते. पुढच्या रविवारी अप्पा आणि मी किडे आणायला बसनं तिथं गेलो. बागवाल्यांनी हसतहसत किड्यांनी भरलेली नर फुलं कापून दिली. कापडी पिशवीत घालून, तोंड बांधून, मांडीवर घेऊन आलो. पिशवी आतून हलकेच कुरकुरत होती. शेजारच्या बाईनं दोनदा पाहिलं आणि सरकून बसली.

शेतात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आम्ही एकेक फूल झापांच्या बेचक्यात दोऱ्यानं टांगत गेलो. किडे थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग धुरासारखे उठून झाडांत विरून गेले. उरले किती, रुजतील का, आम्हाला काहीच सांगता येत नव्हतं.

काका बांधावर येऊन उभे राहिले. "काय टांगतोयस रे? तोरण?"

"पाहुणे आणलेत," अप्पा म्हणाले.

"पाहुणे? अरे, पोरीच्या नादानं येडा झालास. आणि अर्ज? पट्टीचं काय?"

अप्पांनी दोऱ्याची गाठ दातानं आवळली. "पुढच्या वर्षीचे घड बघू आधी," ते म्हणाले. "तोवर झाडं आहेत तिथं राहू देत." मग त्यांनी पिशवीतलं पुढचं फूल माझ्याकडून मागून घेतलं.