सातशे वर्षांचं पान आणि बायाक्काची मेंढी

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. भूत, भानामती, अंगात येणं... मी यातलं काहीही कधी मानलं नाही. देवाला हात जोडते तेसुद्धा शेजारीण बघत असेल तर. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे, यावर माझी नात पोट धरून हसली. हसू दे.

मी सांगलीच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं इतिहास शिकवला. विषय — मध्ययुगीन युरोप. युरोप पाहिलेला नव्हता, अजूनही नाही. पण तेव्हाचा माझा तोरा काय वर्णावा! स्टार्चची साडी, नाकावर चष्मा, आणि तिकडच्या मठांतल्या साधूंबद्दल असं बोलायचे, जणू ते माझ्या माहेरचे शेजारी.

माझी पीएचडी एका पानावर उभी होती. म्हणजे खरंच, एकाच. कॉलेजात व्याख्यानाला आलेल्या एका परदेशी विदुषींनी जाताना मला प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकातलं एक सुटं पान भेट दिलं होतं. वहीच्या पानाएवढं, लॅटिन अक्षरांचं, साधारण सातशे वर्षांपूर्वीचं. कागद नव्हे, कातडं — चुन्यात भिजवून, ताणून, घासून गुळगुळीत केलेलं. तेव्हा तिकडे पुस्तकं त्यावरच लिहीत. मी प्रबंधात ठोकून दिलं, की हे वासराचं कातडं आहे, म्हणजे पुस्तक श्रीमंत मठातलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी हळूच विचारलं, "कशावरून, बाई?"

"स्पर्शावरून, सर."

आमच्या गोठ्यात तेव्हा वासरू होतं. त्याला मी कधी हात लावला नव्हता... साडीला वास लागेल म्हणून! असो.

तर गेल्या मार्चमधली गोष्ट. माझी नात जुई पुण्यात याच विषयात पीएचडी करते. ती तासगावला माझ्याकडे आली होती, भिंग घेऊन.

"आजी, हे बारीक ठिपके बघ. केसांची मुळं आहेत. मला हे मेंढीचं वाटतंय."

"तुझ्या जन्माआधी माझा प्रबंध मंजूर झालाय."

"म्हणून तो बरोबर?"

पोरीची जीभ माझ्यावर गेली आहे. मी म्हटलं, चल, शेतातच मेंढ्या बसल्यात, पान बरोबर घे, लाव भिंग आणि कर खात्री.

आमचं शेत बेदाण्याच्या शेडच्या पलीकडे आहे. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की जतकडचा धनगरांचा कळप खतासाठी तिथे आठवडाभर बसतो. कळप बायाक्काचा. ती माझ्याच वयाची, पण माझ्यासारखी गुडघे धरून उठत नाही. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ती मांडीवर एक कोकरू घेऊन बसली होती. कोकराची मान लुळी पडली होती.

"ह्याची आई परवा साप चावून मेली," ती म्हणाली. "बाटली तोंडात घेत न्हाई. शेळ्या आटल्यात. आज रातीपतूर काय खरं न्हाई ह्याचं."

थोड्या अंतरावर एक मेंढी एकटीच उभी होती. तिचं पिल्लू तीन दिवसांपूर्वी मेलं होतं. कासेत दूध होतं, पण या पोरक्याला ती जवळ येऊ देत नव्हती. दोनदा ढुशी मारून उडवलं होतं. तिचा आवाजही बंद झालेला.

"मेलेल्या पिल्लाचं कातडं दुसऱ्याच्या अंगावर बांदलं, तर आई फसती," बायाक्का म्हणाली. "पर ह्या खेपंला कुत्र्यांनी वढून नेलं."

जुईने फाइल उघडून पान बाहेर काढलं आणि भिंग हातात घेतलं. तेवढ्यात ती मेंढी ओरडली. ओरडली म्हणजे... ते बें-बें नव्हतं. घशातल्या घशात, हलकं, घुमल्यासारखं. बायाक्का ताडकन उठली.

"आवं बाई, ह्ये कुणाचं कातडं हाय?"

"वासराचं," मी म्हटलं. सवयीने.

"व्हय का? मंग ही का हाक मारायली? आसं ती निस्त्या ताज्या लेकराला बोलती."

मेंढी सरळ चालत आली. जुईच्या हाताशी थांबली, पान हुंगलं, आणि चाटायला लागली. जुईने किंचाळून पान छातीशी धरलं.

बायाक्काने कोकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "द्या की बाई. दिस मावळंपतूर."

आता इथे मला थांबून सांगायला हवं, की ते पान मी आजवर कपाटातल्या तिजोरीत ठेवलं आहे. पावसाळ्यात कपाटाशी दिवा लावून ठेवते, दमट होऊ नये म्हणून. नवऱ्याला हात धुतल्याशिवाय शिवू दिलं नाही. आणि स्टार्चच्या साडीतली ती बाई त्या क्षणी माझ्या कानात ओरडत होती — सातशे वर्षं, अगं सातशे! ते कोकराच्या मुतात घालणार?

जुई म्हणाली, "आजी, नाही हं! माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण यावर आहे."

बायाक्काच्या हातात कोकराने एकदा पाय झाडला, आणि मग तेही थांबलं.

"बांध," मी म्हटलं.

जुईच्याच ओढणीने पान कोकराच्या पाठीवर बांधलं. मेंढीने कोकराची पाठ हुंगली, तोच घुमणारा आवाज काढला आणि मागचा पाय जरा बाजूला घेतला. पहिल्यांदा कोकराला तोंडच लावता येईना, बायाक्काने बोटाने दूध त्याच्या ओठांना लावलं. मग ते प्यायला लागलं... शेपटी अशी हलत होती! जुई रडत होती. पानासाठी की कोकरासाठी, मी विचारलं नाही.

अंधार पडायच्या आत पान सोडलं. ओलं, चुरगळलेलं, एक कोपरा पिवळा. अक्षरं मात्र जागच्या जागी. पान काढल्यावरही मेंढीने कोकराला लांब केलं नाही.

जुई संशोधक आहे, तिने दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. ठिपके ओळखायच्या सरावासाठी आणलेला मेंढीच्याच नव्या कातड्याचा तुकडा त्या मेंढीपुढे धरला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मग माझं पान इतर दहा-बारा मेंढ्यांना दाखवलं. एकीनेही मान वळवली नाही.

पुण्याला गेल्यावर जुईने पानावर खोडरबर हलकेच घासून ती भुकटी परदेशी प्रयोगशाळेला पाठवली. त्यातून जनावर कळतं म्हणे. उत्तर आलं — मेंढी. लेकरू होतं की म्हातारी, ते त्यांना सांगता येत नाही.

म्हणजे मी प्रबंधात चुकले होते. विद्यापीठाला तसं पत्र लिहिलं, रिपोर्ट जोडला. पण मेंढीचं असलं म्हणून काय झालं? चुन्यातून काढलेल्या, सातशे वर्षं वाळलेल्या कातड्याला कसला वास राहतो? कुणी म्हणेल, मिठासाठी चाटलं असेल. असेल. पण मिठाला कुणी हाक मारतं का? ते पान मी इतकी वर्षं वाचलं. कुणी लिहिलं, कुठे लिहिलं, किती शाई लागली, सगळं शोधलं. ज्याचं ते कातडं, त्यालाही आई होती, हे मात्र एकदाही मनात आलं नाही.

परवा जुईने फोनवर विचारलं, "आजी, खरं सांग, तिने काय ओळखलं असेल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. माझं बोलणं पोरीने वहीत उतरवून घेतलं... जन्मात पहिल्यांदा.