उष्ण हात

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही — तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात, पण एवढं लपलं.

सोलापुरात मी झटपट फोटोच्या फिल्मचा एजंट होतो. कॅमेऱ्यातून कागद बाहेर यायचा, बघता बघता त्यावर चेहरा उमटायचा. गड्ड्याच्या यात्रेत रशीदभाईंच्या स्टॉलवर त्यासाठी ही झुंबड! लई उमदा माणूस. रडकं पोरही त्यांच्यासमोर हसायचं.

मग कंपनीतल्या वरच्या साहेबांना फिल्म नकोशी झाली. नव्या डिजिटल मशिनींत नफा जास्त की! पण गोदामात मुदत संपलेली फिल्म पडलेली — ती फेकायची? छे! हावेला कुठं पोट असतं? जुन्या तारखेवर नवं लेबल चिकटवलं आणि माल बाजारात. मला ठाऊक होतं का? होतं. काही खोक्यांवर तर मीच चिकटवलं.

त्या वर्षीच्या यात्रेत रशीदभाईंचा एकेक फोटो पिवळा पडला. गिऱ्हाइकांनी भर गर्दीत शिव्या घातल्या. खोकं घेऊन ते माझ्याकडे आले. जानेवारीची थंडी — उन्हानं फिल्म बिघडली म्हणायचीही सोय नाही. मग मी काय बोललो? सांगतो... "रशीदभाई, तुमचा हात उष्ण हाय. एखाद्याच्या हाताला लोणचं टिकत नाही बघा, तसं."

आणि त्यांना ते पटलं! कॅमेरा कपाटात गेला, त्यांनी फळांचा गाडा लावला. मला बढती मिळाली.

परवा एका लग्नाला गेलो, तर मंडपात भली मोठी रांग. रशीदभाईंची लेक रेहाना झटपट फोटो काढत होती. ज्या फिल्मचं आम्ही तेरावं घातलं, ती परत आलीय आणि पोरंपोरी तिच्यासाठी भांडतायत! वा गं वाघिणी! आमची कंपनी हरली होती — आणि खरं सांगू? मला लई आनंद झाला.

रशीदभाई शेजारी खुर्चीवर होते. केस पांढरेशुभ्र. नवरदेव म्हणाला, "चाचा, एक तुमी काढा की."

त्यांनी झटकन हात मागे घेतले. "नको बाबा. माझा हात उष्ण हाय. पोरीचा माल बिघडंल."

अरे देवा — अजून? इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्या हाताला भीत होता? माझ्यामुळं?

मग मात्र राहवलं नाही. सगळ्यांदेखत बोललो — "हात चांगला हाय तुमचा. मालच सडका होता. मला माहीत होतं. लेबल मी चिकटवलं होतं."

रेहानाच्या नजरेत जाळ होता. तिनं कॅमेरा अब्बांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं. कागद बाहेर आला आणि हळूहळू नवरा-नवरी उमटले — शालूच्या काठासकट, लख्ख!

मी माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार? रशीदभाई खुर्चीतून उठले आणि रांगेकडे बघून ओरडले, "या, या! आता हिकडं माझ्याकडं लावा रांग!"