चादरीखालचा सौदा

हैदराबादेत माझा लिंबांचा ठोक व्यापार आहे. शनिवारी लोक दारावर लिंबू-मिरची टांगतात ना, त्यातली कितीतरी लिंबं माझ्याच गाळ्यावरून जातात. माझ्या दाराला मात्र आजवर एकही टांगलेलं नाही. भूत, भास, करणी — सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी तोंडावर सांगायचो. म्हणून हे लिहिताना लाज वाटते... आणि खरी लाज तर वेगळ्याच गोष्टीची आहे.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, घोडेगावजवळ. थोरला भाऊ, अण्णा, घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापारी. तिथली जुनी माणसं भाव तोंडाने सांगत नाहीत. उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबायची. तीन बोटं म्हणजे तीन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. बोट हजाराचं की दहा हजाराचं, ते जनावर बघून समजायचं. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मला हे अण्णानेच शिकवलं. पण वाटणीत विहिरीचं रान त्याने स्वतःकडे ठेवलं आणि मला माळ दिला. मी भांडून घर सोडलं. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. खरं सांगू? ती वाटणी मला आजही मान्य नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ह्यांना नगरला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हनत्यात, बोलवून घ्या सगळ्यांना. तुमचंच नाव घेत्यात."

दुसऱ्या दिवशीच्या शिर्डीच्या विमानाचं भाडं बघितलं आणि डोकं फिरलं. दुपारी एजंटाला फोन लावला. म्हटलं, "रिकामी सीट म्हणजे संध्याकाळचं लिंबू. बाजार उठल्यावर कोण घेणार? कम करो."

तो हसला. "लिंबू शाम को सस्ते होते सेठ, सीट महँगी होती."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तोच म्हणाला, एका विमान कंपनीत, घरचं माणूस वारलं असेल तर आयत्या वेळच्या तिकिटाला सवलत मिळते. कागद नंतर पाठवला तरी चालतो.

"भाई बीमार है," मी म्हटलं.

"बीमार पे नहीं मिलता. गुजर गए तो मिलता."

मी गाळ्याच्या मागच्या खोलीत एकटाच होतो. म्हणालो, "फिर लिख दो... गुजर गया."

तीन हजार वाचले. लाज? तेव्हा अजिबात वाटली नाही, उलट सौदा जमल्याचा आनंद झाला. कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शिर्डीला उतरलो, गाडीवाल्याशी भांडून भाडं कमी करून घेतलं आणि नगरला पोचलो. वहिनी दवाखान्याच्या दारातच बसली होती. म्हणाली, "काल तुमाला फोन केला आन् ह्यांची शुद्ध गेली बघा. दुपारी एकदाच हासले. म्हनले, 'सौदा झाला.' मंग परत गप. बाजारातलंच कायतरी बरळले असतील."

मला घाम फुटला. ऊन आहे, अशी मनाची समजूत घालून आत गेलो.

अण्णा डोळे मिटून पडला होता, नाकात नळी. मी स्टुलावर बसलो. "अण्णा, मी संपत."

डोळे न उघडता तो म्हणाला, "आलास व्हय? मेलेल्याला भेटाया?"

मला वाटलं टोमणा असेल. नऊ वर्षं न फिरकलेल्या भावाला माणूस काहीही बोलेल. पण मग त्याने माझा हात चादरीखाली ओढला — अगदी बाजारात ओढायचा तसा — आणि शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "कितीला इकलंस रं मला?"

'काय बडबडतोस' म्हणता आलं असतं. पण तसं म्हणालो नाही. त्याची तीन बोटं दाबली.

तो हसला, त्याला खोकला आला. "तिनाला? आरं संप्या, येवढंच शिकीवलं व्हय मी तुला..." आणि त्याने माझा पूर्ण पंजा धरला. पाच. म्हणजे माल जास्त किमतीचा होता, स्वस्तात घालवलास.

मग त्याने हात सोडलाच नाही. मी ढसाढसा रडलो. वहिनी आत आली, तिला वाटलं भाऊ भाऊ भेटले. "बरं झालं आलात," म्हणाली, "तुमच्यातच जीव अडकला हुता." त्याच संध्याकाळी अण्णा गेला.

त्यानंतर सगळ्या बाजूंनी विचार केला. एजंटाला आमचं गावसुद्धा माहीत नाही. अण्णाचा मोबाईल घरी बंद पडलेला. नर्स म्हणाली, अशा अवस्थेत पेशंट काहीही बोलतात. बोलत असतील. पण नेमकं हेच? आणि त्याच दुपारी? मला अजून उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा, पण माझी समजूत काढू नका.

दहाव्यानंतर एजंटाचा फोन आला. "सेठ, वो कागज भेजो. डेथ सर्टिफिकेट." आता ते खरंच माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, कागद मिळणार नाही, सवलत काढून टाक आणि पूर्ण भाडं सांग.

त्याने आकडा सांगितला. मी लगेच "पैसे भेजता हूँ" म्हणालो.

"सेठ," त्याने विचारलं, "तबीयत तो ठीक है ना?"